पालथा हात आणि पाऱ्याची नळी

मूल किरकिरू लागले की सातारा-सांगलीकडची आजी प्रथम त्याच्या कपाळाला पालथा हात लावते, मग पोटाला, आणि सांगते, "अंग कढत लागतंय." हजारो वर्षे तापाचे माप ते एवढेच. चरकाच्या निदानस्थानात पहिला रोग ज्वर हाच आहे. पण तो मोजण्याचे साधन त्याच्याजवळही नव्हते.

तापात लंघन करावे हा आपल्या वैद्यकाचा जुना दंडक. आमच्याकडे तो इतका रुजला की काही घरांत तान्ह्याचे दूधही तोडीत. वास्तविक सुश्रुताने बालक, वृद्ध, गर्भिणी व दुर्बळ यांना लंघनातून वगळले आहे. लोकांनी दंडक उचलला, अपवाद पोथीतच राहिला! त्याची किंमत मुलांनी मोजली.

तिकडे युरोपात फॅरनहाइटने १७१४ साली पाऱ्याचा तापमापक केला खरा, परंतु तो रोग्याच्या खाटेशी रुळायला दीडशे वर्षे लागली. जुनी नळी फूटभर लांब असे व वीस मिनिटे धरावी लागे. रडते मूल वीस मिनिटे कोण धरणार? इंग्लंडातील ऑलबटने १८६६-६७ च्या सुमारास ती सहा इंचांवर व पाच मिनिटांवर आणली. १८६८ साली लाइपझिगच्या वुंडरलिखने हजारो रोग्यांच्या नोंदींवरून ३७ अंश सेंटिग्रेड, म्हणजे आपले ९८.६, हा आकडा रूढ केला.

आमच्या भागात या विद्येचे मोठे ठाणे झाले ते मिरजेस. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या तर नावातच दोन्ही विद्या एकत्र नांदतात.

आकडा आला, तसे आकड्याचे भयही आले. ९८.६ म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत निरोगी प्रौढांची सरासरी ९८.२ निघाली, शिवाय सायंकाळी अंग सकाळपेक्षा थोडे गरमच असते. ताप हा बहुधा शरीराचा स्वतःचाच डाव असतो. जंतूंची चाहूल लागताच मेंदू उष्णतेची पातळी मुद्दाम वर नेतो, म्हणूनच अंग तापत असता हातपाय गार पडतात आणि हुडहुडी भरते. आपण तेव्हा मुलाला गोधडीत गुंडाळतो, किंवा गार पाण्याने पुसतो. दोन्ही नकोत. पातळ कपडे घालावेत आणि वरचेवर दूध-पाणी पाजावे. १०३ ताप असून खेळणाऱ्या मुलापेक्षा १०१ मध्ये मलूल पडलेले मूल आम्हांस अधिक काळजीचे वाटते.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात आकडी येऊ शकते. पूर्वी तिला बाहेरची बाधा समजून कांदा हुंगवीत. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि मग डॉक्टरांना दाखवावे. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर तात्काळ दवाखाना गाठावा.

तीन महिन्यांच्या आतील बाळाची गोष्ट मात्र निराळी. तेथे १००.४ वर पारा गेला की रात्र असो वा पाऊस, त्याच वेळी निघावे. आणि नवजात बालक पुरते कुडकुडूही शकत नाही. भारी जंतुदोषात ते कधी तापण्याऐवजी गारच पडते. दूध सोडलेले, निपचित, गार बाळ आजीच्या हाताला "ताप नाही" असेच सांगते, आणि तेथे तो हात फसतो.