कालव्याच्या काठाने, १८४७

मे महिना, साल १८४७. आयर्लंडच्या रॉस्कॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउन गावी, रुंद रस्त्याच्या मधोमध तुम्ही उभे आहात. मागेपुढे माणसंच माणसं. काठी टेकत आलेली म्हातारी, पोर कडेवर घेतलेल्या बाया, अनवाणी मुलं. सगळी मिळून १,४९०. एवढी गर्दी, पण गलका नाही. दोन वर्षं अर्धपोटी राहिलेला माणूस शब्दही जपून वापरतो.

ही सगळी एकाच जमीनदाराची कुळं, मेजर डेनिस महोनची. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. १८४६ मध्ये तर पीक जमिनीतच काळं पडून कुजलं. बटाट्यावरच जगणाऱ्या या लोकांकडे मग दुसरं काही उरलं नाही. गेल्या ऑगस्टात क्लूनाही भागातल्या कुळांनी महोनला अर्ज केला होता: पोरांची भूक आता बघवत नाही, काही करा. कारभाऱ्याने हिशेब मांडला. यांना वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रमात, पोसण्यापेक्षा जहाजात बसवून कॅनडाला धाडणं स्वस्त पडत होतं.

म्हणून तुम्ही आज डब्लिनला निघाला आहात, पायी. सोबत रॉबिन्सन नावाचा बेलिफ आहे. कोणी मध्येच मागे फिरू नये, हे बघणं त्याचं काम.

टार्मनबॅरीला शॅनन नदी ओलांडलीत की क्लोनडारा येतं. तिथे बंदराच्या दगडी धक्क्याशी रॉयल कॅनॉलचं सेहेचाळिसावं लॉक आहे. लॉकचे क्रमांक डब्लिनकडून घातलेले, त्यामुळे तुमच्यासाठी आकडे उतरत जाणार. हा कालवा १७९० मध्ये खणायला घेतला आणि १८१७ मध्ये शॅननला आणून मिळवला. लांबी सुमारे १४६ किलोमीटर. लॉकजवळ क्षणभर थांबा. एक बोट दोन दरवाज्यांमधल्या हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, झडपा उघडल्या की पाणी भरतं आणि लाकडाची जड बोट वर चढते. पुढे घोडा दोर ओढतो. त्याच्यासाठी बांधलेल्या वाटेवरूनच तुम्ही चालणार आहात. वाट सपाट आहे. ज्यांच्या पायांत त्राण नाही, त्यांच्यासाठी या देशात यापेक्षा सोपी वाट नव्हती.

आता तीच जागा, आजचा मे. पायाखाली पक्की वाट, शेजारून घंटी वाजवत सायकली जातात. कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर इतका दाट की फांद्या दिसत नाहीत. पाण्याच्या कडेला पिवळा आयरिस, लव्हाळ्यांत पाणकोंबडीची पिल्लं, आणि पलीकडच्या काठावर राखी बगळा, जवळ जाल तेव्हाच उडणारा. मधली वर्षं या पाण्याला वाईट गेली. १९६१ मध्ये कालवा बोटींना बंद झाला, गाळाने आणि गवताने भरला. स्वयंसेवकांनी अनेक वर्षं खपून तो उपसला. २०१० मध्ये बोटी पुन्हा शॅननपर्यंत गेल्या, २०२१ मध्ये मेनूथपासून क्लोनडारापर्यंतचा १३० किलोमीटरचा ग्रीनवे खुला झाला. स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन हा सगळा १६५ किलोमीटरचा मार्ग आता ‘नॅशनल फॅमिन वे’ म्हणून ओळखला जातो. वाटेत तीसहून जास्त ठिकाणी लहान मुलांच्या बुटांची ब्राँझची जोडी बसवली आहे. एका पडक्या घरात एकत्र बांधून ठेवलेले एकोणिसाव्या शतकातले बूट सापडले होते, त्यांवरून ती घडवली. या वाटेवर दुसरं कुठलंही स्मारक उभारलं नसतं तरी चाललं असतं. मुलाच्या पावलाचं माप बघितलं की पुरतं.

ॲबीश्रूलजवळ पुन्हा १८४७ मध्ये या. इथे कालवा इनी नदीवरून जातो, पाच कमानींच्या दगडी पुलावरून. खाली नदी वाहते, वर कालवा, आणि त्याच्या कडेने तुम्ही. तेवढ्यात समोरून नाही, मागून एक बोट येते, तुमच्याच दिशेने, डब्लिनकडे. तिच्यात धान्य आहे. पोती ओळखू येतात. बोट पुढे निघून जाते आणि भुकेली माणसं तिच्यामागून चालत राहतात. हे दृश्य मला या सगळ्या वाटेवर सर्वांत जड वाटतं. देशात अन्न होतं. ते विकत घ्यायला या माणसांकडे पैसे नव्हते, आणि धान्य बाहेर जाणं सरकारने थांबवलं नाही. मदत मात्र दुरूनही आली: आयर्लंडसाठी सुरुवातीची मदत कोलकात्यातून गेली, आपल्या मुंबईतही वर्गणी जमा झाली. हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

मलिंगारला दम घ्या. लॉख ओवेल सरोवराचं पाणी इथे कालव्यात येतं आणि दोन्हीकडे वाटलं जातं, काही शॅननकडे, काही डब्लिनकडे. इथवर लॉक तुम्हाला चढवत होती, पुढे उतार. बॉइन नदीवरचा पूल मागे पडतो. एनफिल्डच्या बाजूला काठालगत रुळांचं काम चाललेलं दिसेल. रेल्वे कंपनीने १८४५ मध्ये अख्खा कालवा विकत घेतला, तो काठाची जमीन मिळावी म्हणून. जूनअखेर डब्लिन ते एनफिल्ड गाडी धावू लागेल. तुम्ही मेमध्ये आहात, पायी. किलकॉक, मेनूथ, लेक्सलिप.

कॅसलनॉकला खडक फोडून काढलेला भाग लागतो. पाणी खोल खाली, वाट उंच कडेवर आणि अरुंद. १८४५ च्या नोव्हेंबरात याच टप्प्यात प्रवासी बोट उलटून माणसं बुडाली होती. आज इथे झाडांनी छत धरलं आहे आणि सावली थंड आहे, तरी पाऊल जपून टाका.

मग ब्रूम ब्रिज. या साध्या दगडी पुलाशी १६ ऑक्टोबर १८४३ रोजी विल्यम रोवन हॅमिल्टन हा गणितज्ञ पत्नीबरोबर चालत आला होता. बरीच वर्षं न सुटलेलं कोडं इथे अचानक सुटलं आणि त्याने चाकूने पुलाच्या दगडावर सूत्र कोरलं. ‘क्वाटर्निअन’ म्हणून ओळखलं जाणारं ते गणित आज अंतराळयानाची दिशा ठरवताना आणि पडद्यावरची चित्रं फिरवताना वापरलं जातं. दरवर्षी त्या तारखेला गणिताचे लोक डनसिंक वेधशाळेपासून इथवर चालत येतात. सूत्र कोरल्याला चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा स्ट्रोक्सटाउनची माणसं या पुलाखालून गेली. मान वर करून बघण्याची ताकद त्यांच्यातल्या कितीजणांत असेल?

डब्लिनच्या धक्क्यावर लिव्हरपूलची बोट, तिथून कॅनडाची जहाजं. त्यांतल्या ‘व्हर्जिनियस’वर ४७६ प्रवासी होते, त्यांपैकी १५८ समुद्रातच गेले. कॅनडातल्या ग्रोस ईल बेटावर उतरल्यावर तापाने आणखी कित्येक. दुसऱ्या एका जहाजाने गेलेला बारा वर्षांचा डॅनियल टाय आणि त्याची धाकटी बहीण कॅथरीन वाचली. आई गेली, भावंडं गेली. क्यूबेकमधल्या एका फ्रेंच शेतकरी कुटुंबाने दोघांना एकत्र ठेवून वाढवलं. २०१३ मध्ये डॅनियलचा वंशज स्ट्रोक्सटाउनला आला होता.

जमीनदार महोनला १८४७ च्याच नोव्हेंबरात गोळी घालून मारलं. त्याच्या वाड्यात आता दुष्काळाचं संग्रहालय आहे आणि कुळांचा तो अर्ज तिथे जपला आहे.

आयर्लंडला गेलात तर हा मार्ग डब्लिनहून उलटा चालू नका. आधी स्ट्रोक्सटाउनला जा, अर्ज वाचा, मग पूर्वेकडे निघा. सगळे १६५ किलोमीटर जमणार नसतील तर मलिंगार, एनफिल्ड, किलकॉक, मेनूथ ही स्टेशनं कालव्यालगतच आहेत. एक टप्पा चाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत या.