सांज : दिवसाचा सांधा

पवनारला धाम नदीच्या काळ्या खडकावर कार्तिकातल्या मावळतीला बसले असता, पाण्यावरची तांबूस प्रभा खडकाच्या कडेकडेने आखडत जाते आणि वाटेवरच्या शेतात फुटलेली कापसाची बोंडे मात्र, भोवती काळोखू लागले तरी, शुभ्रच राहतात, तेव्हा ‘सांज’ या शब्दाचा मूळ अर्थ मला प्रत्यक्ष दिसतो. संस्कृत ‘संध्या’, प्राकृत ‘संझा’, मराठी ‘सांज’. ‘वंध्या’ची ‘वांझ’ झाली तीच ही रीत, आणि ‘मध्य’पासून आलेल्या ‘माजघरा’तही तिचाच दाखला सापडतो. मुळाशी आहे ‘संधी’, म्हणजे जोड. सुतार चौकटीला घालतो तो सांधा आणि पावसाळ्यात गुडघ्यात ठणकतो तो सांधा, दोन्ही याच कुळातले. म्हणूनच संध्यावंदन पहाटेही होते. परंतु लोकव्यवहाराने ‘सांज’ तेवढी मावळतीच्याच नावे कायम केली, यात मला मोठी रसिकता वाटते. १९३६ साली सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, येऊन राहिलेल्या गांधीजींची सायंप्रार्थना उघड्या आकाशाखाली होई, ती याच सांध्यावर. धामच्या पाण्यात आता एकच उजळ रेघ उरली आहे. ती हलते आहे तोवर उठवत नाही.