नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा

महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांच्या इतिहासाची मुळे १८५४ च्या वुडच्या खलित्यापर्यंत जातात. सगळ्या शाळा स्वतः चालवण्याऐवजी खासगी संस्थांना अनुदान द्यावे, हे धोरण या खलित्याने मान्य केले. सरकारला ते स्वस्त पडले आणि संस्थांना मोकळीक मिळाली. शिक्षकाला मात्र नेमणूक एकाकडून आणि पगाराचा पैसा दुसऱ्याकडून, अशी दुहेरी मालकी वाट्याला आली. पुढच्या दीडशे वर्षांतील बहुतेक मोर्चे, खटले आणि बहिष्कार या दुहेरी व्यवस्थेतून निघाले आहेत.

१८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न आकड्यांत मांडला होता. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, अशी त्यांची मागणी होती. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी जोडकामे दिल्यास शिक्षकाची मिळकत आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढतील, असेही त्यांनी सुचवले. नंतरच्या काळात जनगणना आणि निवडणुकीची कामे शिक्षकांकडे आली ती सक्तीने. त्यामुळे ‘अशैक्षणिक कामे बंद करा’ ही संघटनांची कायमची मागणी होऊन बसली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामे मान्य ठेवली. तक्रार मात्र थांबलेली नाही.

खासगी शाळांमध्ये संघटन उभे राहायला वेळ लागला, त्यामागे त्यागाची परंपरा होती. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर काम करण्याचे व्रत घेतले होते. पण हे व्रत नेमके कुठवर पाळायचे, सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून तिथेच वाद पेटला आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. स्वतःच्या संस्थेत स्वतः घेतलेले व्रत वेगळे आणि नोकरीला ठेवलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे वेगळे, हा फरक पुढच्या संस्थाचालकांनी फारसा मानला नाही. पूर्ण रकमेवर सही घ्यायची आणि हातात कमी पैसे ठेवायचे, सुट्टीच्या तोंडावर नोकरीवरून काढून जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, लग्नकार्याच्या निमित्ताने संस्थेसाठी देणगी कापायची, हे प्रकार शिक्षकांच्या बोलण्यात आजही निघतात.

राज्यघटनेने शिक्षकांना एक वेगळे हत्यार दिले. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषद असलेल्या राज्यांत तिथल्या साधारण एक-द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतांवर भरल्या जातात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, शिक्षक लोकशाही आघाडी म्हणजे टीडीएफ, शिक्षक परिषद, शिक्षक भारती या संघटनांचे बळ याच मतदारसंघांत मोजले गेले. थकलेला हप्ता किंवा अडलेली मान्यता यांवर सभागृहात प्रश्न विचारणारा हक्काचा आमदार त्यांना मिळाला. मात्र मताचा अधिकार माध्यमिक दर्जापासून वरच्या शिक्षकांनाच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील प्राथमिक शिक्षक संख्येने प्रचंड असूनही त्याबाहेर राहिले. त्यांच्या संघटना जिल्हा पातळीवर, बदल्यांच्या आणि शिक्षक पतसंस्थांच्या राजकारणात वाढल्या.

सत्तरच्या दशकात दोन मोठ्या गोष्टी एकमेकांना लागून घडल्या. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला आणि त्यात शिक्षकही होते. त्याच सुमारास ‘महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ मंजूर झाला. तो प्रत्यक्ष लागू व्हायला मात्र १५ जुलै १९८१ उजाडले. त्याआधी माध्यमिक शाळा संहितेचा आधार होता, पण ती प्रशासकीय नियमावली होती. तिच्या भरवशावर न्यायालयात टिकाव लागणे अवघड जाई. नव्या कायद्याने दोन वर्षांचा परिवीक्षा काळ, सेवाज्येष्ठता आणि चौकशीची पद्धत ठरवून दिली. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण आले. कर्मचाऱ्याची देय रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून थेट त्याला द्यावी, अशी शिफारस सरकारला करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला मिळाला. संस्थाचालकाची खरी नस कुठे आहे, हे ही तरतूद लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असणार.

या कायद्याचे मोल १९८८ मध्ये आणखी वाढले. गोव्यातील एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिक्षण हा ‘उद्योग’ असला तरी औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही. कामगार न्यायालयाचा दरवाजा त्यामुळे बंद झाला. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या शिक्षकांना निदान स्वतःचे न्यायाधिकरण होते.

पण न्यायाधिकरण नोकरी वाचवू शकत होते, पगार निर्माण करू शकत नव्हते. सरकारने खर्च आवरायला घेतला तेव्हा हे उघड झाले. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे केवळ मानधन ठरले. २००१ मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरच परवानगी देण्याचे धोरण ठरले. शाळा निघत राहिल्या, शिक्षक नेमले गेले आणि ‘पुढेमागे अनुदान येईल’ या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पैशांत शिकवत राहिले. दीर्घ आंदोलनांनंतर २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला. त्यानंतरही शाळांचे मूल्यांकन, पात्र शाळांच्या याद्या, निधीची तरतूद यांत वर्षे गेली. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने मिळवण्यासाठी आझाद मैदानावरची उपोषणे सुरूच राहिली.

१ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले. त्या तारखेपूर्वी नेमणूक झालेल्या, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेल्या शिक्षकांचे काय, हा वाद न्यायालयांत गेला. नेमणुकीची तारीख धरायची की अनुदानाची, असा त्याचा गाभा. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ मार्च २०२३ पासून सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले आणि सरकारच्या आश्वासनानंतर २० मार्चला संप मागे घेण्यात आला. अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षकांची पुढच्या टप्प्याची मागणी त्यानंतरही वेगळी चालू राहिली.