तगणारं वाण

भावाच्या रिपोर्टवर ‘फिलाडेल्फिया क्रोमोसोम’ वाचलं, तेव्हा मला फक्त ते शहर माहीत होतं. तिथल्या पीटर नॉवेलने रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी चक्क नळाच्या पाण्याने धुतल्या. त्या फुगल्या, गुणसूत्रं सुटी दिसली. त्यातलं एक आखूड गुणसूत्र त्याने आणि डेव्हिड हंगरफर्डने १९६०मध्ये जगापुढे मांडलं. ९ आणि २२ या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल जॅनेट राउलीने १९७३मध्ये दाखवली.

मला मात्र नॉवेलचा १९७६चा निबंध मोठा वाटतो: कर्करोग एका पेशीपासून सुरू होतो, पण तिची पिल्लावळ बदलत जाते आणि तगणारं वाण उरतं. २००१मध्ये इमॅटिनिब आलं. भावाला त्याने चार वर्षं दिली, मग गोळीला न जुमानणाऱ्या पेशी वाढल्या. आता दुसरी गोळी चालू आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो.