मातीतली ठेव



‘ठेव’ या एका शब्दावर माझी सारी नोकरी गेली. बचत ठेव, मुदत ठेव, आवर्ती ठेव. पण हा शब्द बँकेपेक्षा कितीतरी जुना. आमच्या आजीच्या तोंडी ठेव म्हणजे जमिनीत पुरलेलं धन. हुबळीत शेजारचे कन्नड लोक त्याला निधी म्हणतात, आपण गुप्तधन म्हणतो, आणि खेड्यात नुसतं ‘हंडा’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याचे कान टवकारतात.

आज हे लिहायला कारण असं की विद्यानगरात आपल्या ओळखीच्या दोन-तीन घरांत सध्या मेटल डिटेक्टर मागवायचं चाललं आहे. गावाकडचे वाडे विकायला निघालेत. मुलं म्हणतात, जेसीबी लावण्याआधी एकदा यंत्र फिरवून बघू की! हे यंत्र कसं चालवायचं ते मी रीतसर वर्गात बसून शिकलो आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आमची मुलगी इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात असते. 2018 च्या सप्टेंबरात आम्ही उभयता तिच्याकडे होतो. तिथे हा छंद फार. जावयांनी माझं नाव एका दिवसाच्या शिकवणीला घातलं. आम्ही बारा जण, सगळे साठीच्या पुढचे. सकाळी गावच्या हॉलमध्ये माहिती, दुपारी गहू कापून झालेल्या शेतात प्रत्यक्ष काम.

यंत्र म्हणाल तर साधं आहे. काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती, तिच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडतात, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असला की त्यात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात. त्यांचं उलट क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं आणि कानात आवाज येतो. ही युक्ती जुनी आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असंच यंत्र बनवलं होतं. गोळी काही सापडली नाही. डॉक्टरांनी त्याला शरीराची एकच बाजू तपासू दिली, आणि गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनीही घोळ घातला. अडीच महिन्यांनी अध्यक्ष गेले.

चकती जमिनीला जवळजवळ टेकवून, हळूहळू, आधीचा पट्टा थोडा पुन्हा झाकला जाईल अशी फिरवायची. घाई केली की संपलं. आवाज ओळखणं ही खरी कला. जुन्या काळी आमचे रोखपाल रुपया काउंटरवर आपटून खणखणीत आहे की बद्द, हे नुसत्या कानाने सांगत. तसंच हे. पण इथे एक गंमत आहे. थंड पेयाच्या डब्याची ओढायची कडी आणि सोन्याची अंगठी, दोन्हींचा आवाज बरेचदा सारखाच येतो. कडीचा त्रास नको म्हणून यंत्राला तो आवाज गाळायला सांगितलात, तर त्याबरोबर अंगठीही गेली.

पण त्या दिवसातला बराच वेळ यंत्रापेक्षा शिस्तीवर गेला. शेतमालकाची परवानगी आधी, तीही लेखी. नांगर जिथवर पोचतो तेवढ्याच थरात खणायचं, त्याखाली नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, आणि तिच्यावर जागेची नोंद. खड्डा बुजवायचा. निघालेला कचरा आपण घेऊन जायचा. आणि एकाच ठिकाणी दोन-चार वस्तू लागल्या, तर हात मागे घेऊन जाणकाराला फोन करायचा. मला दिवसभरात दोन बटणं, बाटल्यांची बुचं आणि शिशाची एक जुनी बंदुकीची गोळी मिळाली. त्या गोळीचीसुद्धा चिठ्ठी लिहून घेतली गुरुजींनी!

थांबण्याचं महत्त्व पटवायला त्यांनी जवळच्याच होक्सन गावची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर 1992 मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. डिटेक्टर बाळगणाऱ्या मित्राला त्याने शोधायला बोलावलं. हातोड्याआधी लागली रोमन नाणी आणि चांदीचे चमचे. मित्राने थोडंसं काढलं आणि उरलेलं जागच्या जागी ठेवून कळवलं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी मातीसकट ती जागा उचलली. जवळपास पंधरा हजार नाणी निघाली. पेटी कुजून गेली होती, पण तिच्यात काय कसं रचलं होतं तेसुद्धा कळलं. सरकारने 17.5 लाख पौंड बक्षीस दिलं. आणि तो हातोडाही सापडला, आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

आता आपल्याकडे या. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षहरात राजा नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात मुलाने क्षहरातांचा वंश उखडला असं म्हटलं आहे. आई मुलाचं कौतुक करणारच! पण नाण्यांनी तिच्या बोलण्यावर शिक्का मारला. फाळणीनंतर 1948 मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ असं छापून तिकडे चालवल्या होत्या, तसलाच हा प्रकार. साठ्यातली पाच-दहा नाणी हाती लागली असती तर एवढं ठामपणे बोलता आलं नसतं. इतका मोठा साठा तपासता आला, म्हणून इतिहास हाती आला. तो सोनाराच्या मुशीत गेला असता तर किती किलो चांदी, एवढाच हिशोब उरला असता.

दुसरं उदाहरण दायमाबादचं, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी. 1974 मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोच्या घरात. आपल्या देशातल्या अतिशय मोलाच्या प्राचीन मूर्तींत त्यांची गणना होते. पुढे तिथे शास्त्रीय उत्खनन झालं. पण या चार वस्तू काही अभ्यासकाच्या खड्ड्यातून थराथराने वर आल्या नाहीत. म्हणून काही जाणकार त्यांना सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, तर काहींना धातूच्या परीक्षेवरून ते पटत नाही. पन्नास वर्षं हा वाद चालू आहे. त्या माणसाचा यात दोष नाही, तो बिचारा मूळ खणत होता. पण यंत्र घेऊन मुद्दाम खणणाऱ्याला ही सबब नाही.

मुळात लोक धन पुरत का होते? कारण दुसरी सोयच नव्हती. आपल्या धारवाडचंच बघा. टिपूच्या ताब्यातल्या धारवाड किल्ल्याला परशुरामभाऊ पटवर्धनांनी वेढा घातला, मदतीला इंग्रजांची पलटण. 1790 च्या शरदात बसलेला वेढा 1791 च्या एप्रिलात किल्ला हाती आल्यावर उठला. सहा-सात महिने दोन्हीकडचं सैन्य त्याच मुलखावर जगत होतं. अशा वेळी चार होन बाळगणारा माणूस ते चुलीखाली नाही तर कुठे ठेवणार? आणि पुरणारा माणूस परत आला नाही, तर ठेव तशीच राहणार. सापडलेल्या हंड्यामागे बहुतेक वेळा अशी न आलेली माणसं असतात.

ही सवय मोडायला फार वर्षं लागली. 1882 मध्ये पोस्टाची बचत बँक आली. 1904 चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि त्याखाली 1905 मध्ये सुरुवातीच्या पतसंस्थांपैकी एक निघाली, ती आपल्या शेजारी गदगजवळच्या कणगिनहाळ गावी, सिद्धनगौडा पाटलांच्या पुढाकाराने. खेड्यातला पैसा हळूहळू जमिनीतून खातेवहीत आला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीलासुद्धा मातीचा वास येणारी नाणी घेऊन खातं उघडायला येणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत.

कायद्याचंही सांगतो, मुलांना वाचून दाखवा. 1878 चा निधीविषयक कायदा आहे. जमिनीत लपवलेली दहा रुपयांवरची कोणतीही वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. ते जाहीर नोटीस काढतात, दावेदारांना मुदत देतात. गेल्या शंभर वर्षांत ती वस्तू पुरणाऱ्याचा वारसा कुणी दाखवू शकलं नाही आणि वेगळा करार नसला, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद. कर्नाटकाचा स्वतःचा 1962 चा कायदा आहे, तेव्हा आपल्याकडच्यांनी तहसीलदार कचेरीत आधी विचारावं. आणि उणकलच्या चंद्रमौळेश्वर देवळासारख्या संरक्षित जागी विनापरवाना खणणं हा सरळ गुन्हा. गुप्तधनासाठी मांत्रिक आणून अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2013 चा आणि कर्नाटकात 2017 चा असे वेगळे कायदे आहेत. ते उगीच झालेले नाहीत.

आता आमच्या घरातलं. बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचा वाडा होता. पणजोबांनी देवघराखाली हंडा पुरला अशी घरात वदंता. 1956 च्या सुमारास एका सकाळी देवघराच्या कोपऱ्यातली फरशी सैल दिसली. थोरल्या आजोबांना वाटलं धाकट्याने हंडा काढला, धाकट्यांना वाटलं थोरल्याने. बोलणं बंद. मग जाणं-येणं बंद. धाकट्या आजोबांच्या तेराव्याला थोरल्या घरचं कुणी आलं नाही. आम्ही भावंडं एकाच गावात एकमेकांना अनोळखी म्हणून वाढलो. न पाहिलेल्या हंड्याने दोन घरं फोडली.

दोन वर्षांपूर्वी वाडा विकायचा ठरला. पुतण्या म्हणाला, काका, यंत्र लावू. मी म्हटलं, लाव, पण बिजागऱ्या, कड्या, खिळे, नाल, सगळ्यांवर ते ओरडेल. त्यापेक्षा दोन्ही घरच्यांना बोलवू. सगळे आमच्याकडे हुबळीला जमले. काही निघालं तर काम थांबवायचं आणि तहसीलदारांना कळवायचं, असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. मग देवघराचा चौथरा आमच्या डोळ्यांदेखत, फावड्याने, हळूहळू काढवला.

खाली हंडा नव्हता. पण सफोकच्या गुरुजींनी एक गोष्ट शिकवली होती: एकदा खणलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. रंग बदलतो, ती भुसभुशीत राहते, जुना खड्डा शेकडो वर्षांनीही ओळखू येतो. आमच्या चौथऱ्याखाली कडेपासून कडेपर्यंत एकसंध, कुदळीला दाद न देणारा मुरूम होता. कुठेही खड्ड्याची खूण नाही. म्हणजे हंडा कुणी काढला नव्हता, कारण तो तिथे कुणी पुरलाच नव्हता. पलीकडच्या घरचे आमचे दादा, वय एक्याऐंशी, काठी टेकून पूर्ण वेळ उभे होते. त्यांनी वाकून तो मुरूम हाताने चाचपला. म्हणाले, “म्हणजे आमच्या बाबांनीही नाही, आणि तुमच्या आजोबांनीही नाही.” त्या दिवशी जेवण एका पंगतीत झालं.

यंत्र फिरवून वेड्यावाकड्या चार खड्ड्यांत हात घातला असता, तर ही साक्ष आम्हीच पुसून टाकली असती.

म्हणून सांगणं एवढंच. वाडा पाडायच्या आधी सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवा, आणि कागद करा. घरातल्या म्हाताऱ्यांना वदंता विचारून लिहून ठेवा, कुणी सांगितलं, कधी ऐकलं तेही. काम चालू असताना घरचं एक माणूस तिथे उभं राहू दे. काही लागलंच तर हात थांबवा, जागेचा फोटो काढा आणि तहसीलदारांना कळवा. तुमच्या घरीही अशा हंड्याची गोष्ट असेल तर जरूर लिहा. आमच्या दादांना वाचून दाखवीन, हल्ली त्यांना दिसत कमी.