मधला माणूस हटला की विणकर तरतो?

हातमागाचा विषय निघाला की हल्ली एक मत हमखास ऐकू येते. विणकर गरीब राहिला तो दलालामुळे. येवल्यातल्या विणकराने पैठणी विणायची, व्यापाऱ्याने ती पडत्या भावात उचलायची आणि पुण्या-मुंबईच्या दुकानात चढ्या भावाने विकायची, असे वर्षानुवर्षे चालले. आता विणकराच्या हातात स्मार्टफोन आला आहे. त्याने साडीचा फोटो काढावा, ऑनलाइन बाजारात टाकावा, पैसे थेट खात्यात जमा व्हावेत. मधला माणूस आपोआप हटेल आणि त्याचा नफा विणकराच्या घरी येईल. सरकारी भाषणांत, बचत गटांच्या प्रशिक्षणांत, वृत्तपत्रांतल्या यशकथांत हाच सूर असतो.

हे मत बिनबुडाचे नाही. टाळेबंदीत दुकाने आणि प्रदर्शने बंद पडली तेव्हा कित्येक विणकर घरांतला माल व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरूनच हलला. व्यापाऱ्यांकडून होणारी पिळवणूकही खरी आहे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशातल्या ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगारांची नोंद झाली आणि सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असल्याचे दिसले. ज्या व्यवस्थेतून हा आकडा आला तिची वकिली मला करायची नाही. प्रश्न एवढाच आहे की, ऑनलाइन बाजारात मधला माणूस खरेच हटतो का, आणि हटला तर त्याची कामे कोणाच्या गळ्यात पडतात. माझे म्हणणे असे की, तिथे मधला माणूस फक्त बदलतो, आणि जुन्या माणसाकडे असलेली जोखीम विणकराच्या अंगावर येते.

पहिली अडचण तर अगदी दारातच आहे. येवल्यात आणि आसपासच्या गावांत मागावर बसणारे कितीतरी जण मजुरीने विणतात. रेशीम व्यापाऱ्याचे, जर व्यापाऱ्याची, नक्षी आणि रंग त्याने ठरवलेले. साडी उतरली की ती त्याच्याकडे जाते आणि विणकराला मजुरी मिळते. अशा विणकराच्या घरात विकायला स्वतःची साडी नसतेच. त्याला फोन दिला, खाते काढून दिले, फोटो कसा काढायचा ते शिकवले, तरी तो विकणार काय? म्हणूनच ‘थेट विणकराकडून’ अशी पाटी लावलेल्या ऑनलाइन दुकानामागे बऱ्याचदा व्यापारीच असतो. त्याने तसे दुकान काढण्यात गैर काही नाही, पण त्या दुकानाच्या विक्रीला विणकराची मुक्ती म्हणता येणार नाही.

आता स्वतःच्या भांडवलावर विणणाऱ्याचा विचार करू. व्यापारी नफा घेतो हे दिसते. तो त्या नफ्याच्या बदल्यात काय करतो हे दिसत नाही. तो कच्च्या मालात पैसा घालतो. लग्नसराई संपली की पडून राहिलेली साडी आपल्या कपाटात ठेवतो. विणकराच्या घरी दुखणे आले तर उचल देतो, आणि त्या उचलीने त्याला बांधूनही ठेवतो. कोणत्या गावात कोणता रंग खपतो याचा अंदाज चुकला तर ते नुकसान बऱ्याच अंशी त्याचे असते. समजा, पंधरा हजारांच्या पैठणीत रेशीम आणि जर मिळून पाच हजारांची आहे. महिन्याला दोन साड्या उतरतात आणि प्रत्येक साडी विकायला सरासरी दोन महिने लागतात. म्हणजे कधीही पाहिले तरी चार साड्या घरात आणि वीस हजार रुपये त्यांत अडकलेले. त्या चार साड्यांची मेहनत अजून पदरात पडलेली नाही ती वेगळीच. महिना पाच हजारांत भागवणाऱ्या घराची ही चार महिन्यांची मिळकत झाली. ऑनलाइन बाजार हे वीस हजार देत नाही. तो विक्री झाल्यावर आपले कमिशन कापतो, पोहोचवण्याचा खर्च लावतो आणि उरलेले काही दिवसांनी खात्यात टाकतो.

मालाच्या स्वभावाचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. पैठणीचा पदर विणताना विणकर नक्षीचा आलेख ताण्याखाली ठेवतो आणि उभे धागे मोजत, एकेका रंगासाठी वेगळी तिल्ली घेऊन, मोराची मान, मुनियाची चोच किंवा आसावलीचे पान भरत जातो. एका रंगाचा धागा जिथे संपतो तिथे तो शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवला जातो. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच आणि तितकीच स्वच्छ दिसते. जॅकार्ड यंत्रावर निघालेल्या पदराची मागची बाजू पाहिली की सुटलेले किंवा कापलेले धागे दिसतात. हा फरक जाणती बाई दुकानात पदर हातात घेऊन क्षणात ओळखते. ऑनलाइन फोटो मात्र पुढच्या बाजूचा असतो. पुढून पाहिले तर कमी किमतीची यंत्रावरची ‘सेमी पैठणी’ आणि महिनाभर विणलेली पैठणी मोबाइलच्या पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि खालच्या किमतीखेरीज त्यांच्यात फरक सांगणारे काही उरत नाही. अशा ठिकाणी ग्राहकाने स्वस्त साडी घेतली तर त्याला दोष कसा द्यावा?

रंगाचेही तसेच. एकधोटी पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कापड हलले की रंग बदलतो. या धूपछावेसाठीच जाणकार ती घेतात. पण कॅमेरा एका क्षणी एकाच कोनातून एकच रंग टिपतो. घरी पार्सल उघडल्यावर मोरपिशीऐवजी जांभळी झाक दिसली की ‘फोटोपेक्षा रंग वेगळा’ असे कारण देऊन साडी परत जाते. बाजाराच्या नियमाप्रमाणे ही विक्रेत्याची चूक ठरते. परत आलेल्या साडीची घडी मोडलेली असते, कधी तिला अत्तराचा वास असतो, आणि ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. जी गोष्ट मागावरच्या कौशल्याची खूण आहे, तिचाच विणकराला दंड बसतो.

यादीचा हिशेबही असाच उलटा बसतो. यंत्रावर एकाच नमुन्याच्या हजार साड्या निघतात. एकदा फोटो काढले, एकदा वर्णन लिहिले की झाले. त्या एका नोंदीखाली शेकडो ग्राहकांचे अभिप्राय साचत जातात आणि शोधात ती वर वर येते. हातमागाची साडी एकच असते. तिच्यासाठी वेगळे फोटो, वेगळे वर्णन, आणि ती विकली गेली की ती नोंद संपली. पुढची साडी पुन्हा शून्यापासून. दोन दिवसांत माल रवाना करा, साठा कायम ठेवा, भाव खाली आणा, या ज्या अटींवर बाजार विक्रेत्याला गुण देतो त्या सगळ्या यंत्राच्या सोयीच्या आहेत. यात कोणाचा कट नाही. बाजाराची रचनाच मोठ्या संख्येने निघणाऱ्या एकसारख्या मालासाठी झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग फक्त हस्तनिर्मित वस्तूंसाठीच बाजार काढावा. तो काढून झाला आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘एट्सी’ची ओळखच हाताने बनवलेल्या वस्तूंची होती. विणलेल्या शाली, शिवलेले कपडे, गोधड्या विकणाऱ्या घरगुती कारागिरांनी तो बाजार उभा केला. २०१३ मध्ये त्याने विक्रेत्यांना अटींवर बाहेरच्या उत्पादकांकडून माल करून घ्यायला परवानगी दिली. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. प्रत्येक विक्रीवरचे शुल्क पूर्वी ३.५ टक्के होते. २०१८ मध्ये ते ५ टक्के आणि एप्रिल २०२२ मध्ये ६.५ टक्के झाले. त्या वाढीच्या निषेधार्थ हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली ऑनलाइन दुकाने बंद ठेवली. शुल्क वाढायचे ते वाढलेच. कारखान्याचा माल हस्तनिर्मित म्हणून विकला जातो ही तक्रारही त्यांच्या मागण्यांत होती. येवल्याच्या व्यापाऱ्याशी निदान तोंडावर भांडता येते, दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाता येते. शुल्क एकतर्फी बदलणाऱ्या बाजारापुढे एकट्या कारागिराची ताकद त्याहून कमी आहे.

दुसरे उत्तर सरकारी पोर्टलचे असते. केंद्र सरकारच्या ‘इंडिया हँडमेड’वर कमिशन नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कमिशन हा विणकराच्या खर्चातला एक भाग झाला. अडकलेले भांडवल, परतावा आणि नक्कल हे प्रश्न तिथेही तसेच राहतात. करांची वाटही सरळ नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारातून विकता येते, पण आपल्याच राज्यात. येवल्याच्या अशा विणकराला इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी ग्राहकाला त्या मार्गाने साडी पाठवायची तर आधी नोंदणी आणि मग विवरणपत्रे आलीच.

नकलेविरुद्ध कायदा नाही असेही नाही. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यान्वये ठरावीक प्रकारचे कापड हातमागासाठी राखीव आहे. २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ‘सिल्क मार्क’ तर २००४ पासून आहे, पण तो धागा रेशमाचा असल्याची खात्री देतो, हाताने विणल्याची नाही, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. या खुणा असूनही बाजारात शोध घेतला की यंत्रावरच्या साड्यांची रांग लागते. खणाचे उदाहरण ताजे आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण पिढ्यानपिढ्या मराठी बायकांच्या चोळीला लागला. समाजमाध्यमांवर खणाच्या साड्यांची लाट आली आणि मागणी प्रचंड वाढली, पण तिचा मोठा वाटा यंत्रमागाच्या, बऱ्याचदा कृत्रिम धाग्याच्या कापडाने भरून काढला. ऑनलाइन विक्रीने खण लोकप्रिय केला यात शंका नाही. ती लोकप्रियता मागावर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचली का, हे मात्र यशकथेत विचारले जात नाही.

मग करावे काय? ऑनलाइन विक्री सोडा, असे मी सांगत नाही. विणकर एकटा विक्रेता म्हणून उभा राहू नये, एवढे माझे सांगणे आहे. वीस-पंचवीस मागांनी मिळून सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी काढली तर एक पगारी माणूस फोटो, पार्सल, परतावा आणि विवरणपत्रे पाहू शकतो आणि विणणारा मागावर राहू शकतो. मधल्या माणसाचे काम राहतेच, फक्त तो माणूस विणकरांचा नोकर होतो. दुसरे, साडी आधी विणून मग ग्राहक शोधण्यापेक्षा आगाऊ रक्कम घेऊन विणावी. तसे केल्यास रेशमाचा पैसा ग्राहकाकडून येतो आणि परताव्याची अट दोघांत आधीच ठरते. कच्छमध्ये कला रक्षा विद्यालयाने २००५ पासून आणि पुढे सोमय्या कला विद्येने पारंपरिक कारागिरांना नक्षीकाम आणि व्यवहार दोन्ही शिकवले. आपला ग्राहक कोण आणि त्याच्यासाठी काय विणायचे, हे कारागिराने स्वतः ठरवावे हा त्यामागचा विचार होता. फोटो टाकायला शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिरापेक्षा हे शिक्षण कितीतरी खोल आहे. तिसरी जबाबदारी बाजारांची. यंत्रावरची साडी ‘हातमाग’ या शोधात येता कामा नये आणि पैठणीच्या नोंदीत पदराच्या उलट बाजूचा फोटो सक्तीचा असावा. एवढे करायला नवा कायदा लागत नाही.

घरात लग्न ठरले आणि पैठणी ऑनलाइन घ्यायची असली तर अवश्य घ्या. पण विक्रेत्याकडे पदराच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ मागा, ती कोणी विणली ते विचारा, निम्मी रक्कम आगाऊ द्या, आणि मुहूर्ताच्या दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवा.