तीन सेल, चार एलईडी आणि एक चूक

३ जून २०२०. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मी लॉकडाऊनमुळे मुरूडजवळ मामाकडे अडकलो होतो. माडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. पुढे कित्येक रात्री अंधार! मामा म्हणाला, "इंजिनीअर ना तू? मग एक बॅटरी कर की." (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात.)

जुन्या खोक्यात तीन सेल आणि चार पांढरे एलईडी सापडले. चौघांना समांतर जोडून एकच १५ ओहमचा रेझिस्टर लावला. दुसऱ्याच रात्री आजीला परसात नेताना बॅटरी गचकली. पायाखाली पत्रे, खिळे, तुटक्या तारा.. आजी पडली नाही हे नशीब.

चूक कळण्यासाठी थोडं मागे जाऊ. निक होलोनियाकने १९६२ साली लाल एलईडी बनवला. त्याला २ व्होल्ट पुरतात, म्हणजे दोन सेलवर भागतं. निळ्या प्रकाशाला जास्त ऊर्जा लागते, म्हणून ३ व्होल्टच्या वर दाब हवा. शिवाय त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिकच जमत नव्हते. अकासाकी आणि अमानो यांनी ते जमवले, आणि १९९३ मध्ये नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी आला. त्यावर पिवळं फॉस्फर लावलं की झाला पांढरा! तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

म्हणून आपला पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट मागतो. तीन सेलचे ४.५, उरले १.३. २० मिलिअँपिअरसाठी १.३ भागिले ०.०२, म्हणजे ६५ ओहम. बाजारात ६८ चा मिळतो. पण तो प्रत्येक एलईडीला स्वतंत्र हवा! एकाच पाकिटातले एलईडीही तंतोतंत सारखे नसतात. रेझिस्टर सामाईक असला की कमी व्होल्टवाला जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की आणखी ओढतो.. आणि मरतो. मग त्याचा वाटा उरलेल्या तिघांच्या डोक्यावर.

सेल उतरून ३.६ व्होल्टवर आले की ६८ ओहममधून जेमतेम ६ मिलिअँपिअर जातात. तिथे ड्रायव्हर कामी येतो. तो करंट स्थिर ठेवतो, आणि बूस्ट प्रकारचा असेल तर व्होल्टही चढवतो.

पण बंद बाजारात ड्रायव्हर कुठून आणणार? मामाच्या मेलेल्या टीव्हीतून पकडीने १०० ओहमचे रेझिस्टर कापून काढले. वीज नाही तर सोल्डरिंग कसलं, तारांना पीळ दिला. शाबूत राहिलेल्या तीन एलईडींना प्रत्येकी एक. करंट १३ मिलिअँपिअर, उजेड मिणमिणता.

असो. पण लाइट येईपर्यंत आजीची बॅटरी पुन्हा गचकली नाही.